चाऱ्याची परीक्षा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या भाषणात मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, अशी प्रथा आहे. तो इतिहास या स्मरणिकेत माझ्यापेक्षा जाणत्या लेखण्यांनी लिहिला आहे. म्हणून आज आपली अनुमती घेऊन मी थोडा आडवळणाचा विषय निवडते. विषय आहे चाऱ्याचा. जनावरांच्या चाऱ्यात पोषण किती आहे, हे शेतात उभ्या पिकावरच उपकरणाने कसे ओळखतात, याविषयी मला बोलायचे आहे. मी मराठीची शिक्षिका. एम. ए.ला मी ज्ञानेश्वरी आणि अर्वाचीन काव्य अभ्यासले, रसायनशास्त्र नव्हे. तरीही हा विषय मला का सुचला आणि तो आपल्या शाळेशी कुठे येऊन मिळतो, ते ओघात स्पष्ट होईल.

आपण वडोदऱ्यात राहतो. उत्तरायणाच्या सकाळी आपल्या चौकाचौकांत हिरव्या पेंढ्यांचे ढीग लागतात. गुजरातीत त्याला रजको म्हणतात, आपल्या मराठीत लसूणघास. आपण दहा-वीस रुपयांची पेंढी घेतो, गाईपुढे ठेवतो, हात जोडतो आणि पतंगांकडे वळतो. ती पेंढी कोवळी आहे की जून, कालची आहे की परवाची, हे आपण पाहत नाही. हिरवी आहे, एवढे आपल्याला पुरते.

आता येथून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आणंदकडे पाहा. १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या दूधउत्पादकांनी आपला सहकारी संघ उभारला. १९६५ साली तेथेच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली. म्हणजे ते मंडळ आणि आपली शाळा एकाच पिढीची. त्या सहकाराच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. गावातली बाई सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन मंडळीवर जाते, तिच्या दुधाचा नमुना तिच्यासमोर तपासला जातो आणि फॅटच्या आकड्यावर तिला पैसे मिळतात. मोजणी झाली, म्हणून न्याय मिळाला. मात्र ज्या चाऱ्यातून ते दूध आले, तो चारा आजही बहुतेक ठिकाणी पेंढीवर, भाऱ्यावर किंवा वजनावर विकला जातो. दूध तयार करण्याच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या खाण्याचा असतो. बाहेर पडणाऱ्या वस्तूची दिवसातून दोनदा परीक्षा होते आणि आत जाणाऱ्या वस्तूची वर्षातून एकदाही होत नाही, असा हा प्रकार आहे.

चाऱ्याची प्रत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. गाय गवत खाते हे अर्धेच खरे आहे. तिच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. चारा प्रथम त्यांना मिळतो आणि त्यांच्या कामातून गाईला पोषण मिळते. त्या जीवांना नत्र हवे, म्हणजे प्रथिने हवीत. चाऱ्याच्या शुष्क भागात प्रथिने साधारणपणे सात टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचे काम मंदावते. मग पोट भरलेले असूनही जनावर उपाशी राहते. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांत प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. वेळेवर कापलेल्या लसूणघासात ती वीस टक्क्यांच्या आसपास असतात.

‘वेळेवर’ या शब्दात सगळे मर्म आहे. लसूणघासाची प्रथिने मुख्यतः पानांत असतात. रोप जसजसे वाढते तसतशी दांड्यांची भर पडते आणि दांडे कडक होत जातात. तंतुमय भाग वाढला की तो पचायला अवघड होतो, पोटात अधिक काळ रेंगाळतो आणि गाय कमी खाते. फार लवकर कापावे तर उत्पन्न कमी येते आणि मुळांची साठवण संपून पुढची कापणी दुबळी होते. उशिरा कापावे तर भारा मोठा दिसतो, पण त्यातला कस गेलेला असतो. म्हणून साधारणपणे दहा टक्के फुले दिसू लागली की कापावे, असा संकेत आहे. ही वेळ फार दिवस थांबत नाही.

आता ही प्रत मोजायची कशी? डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली एक पद्धत जाहीर केली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातले नत्र अमोनियाच्या रूपाने मोकळे करून मोजायचे आणि त्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे, कारण प्रथिनांत नत्राचे प्रमाण साधारण सोळा टक्के असते. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट यांनी तंतुमय भाग वेगळा काढण्याची रीत बसवली. विशिष्ट द्रावणांत चारा उकळायचा, विरघळेल ते जाऊ द्यायचे आणि उरेल ते मोजायचे. एका द्रावणातून उरलेला भाग गाय किती खाईल याचा अंदाज देतो, दुसऱ्यातून उरलेला भाग तिला किती पचेल याचा.

या पद्धती विश्वासार्ह आहेत, पण त्यांना वेळ लागतो. नमुना कापा, वाळवा, दळा, प्रयोगशाळेत पाठवा आणि उत्तराची वाट पाहा. निकाल हाती येईपर्यंत शेतातले पीक पुढच्या अवस्थेला गेलेले असते. परीक्षा उत्तम झाली, पण गुणपत्रिका शाळा सुटल्यावर आली, तर तिचा उपयोग काय?

यावरचा मार्ग प्रकाशातून निघाला. विल्यम हर्शल हे मूळचे संगीतकार आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ. १८०० साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला. हाच अवरक्त प्रकाश. प्रथिने, साखर, तंतू, पाणी अशा पदार्थांतले अणूंचे बंध या प्रकाशातल्या ठरावीक लहरी शोषून घेतात आणि बाकीच्या परत पाठवतात. परत आलेल्या प्रकाशात कोणत्या लहरी किती कमी झाल्या हे पाहिले, तर पदार्थात काय किती आहे याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणारे अभियंता कार्ल नॉरिस यांनी ही कल्पना धान्यातल्या ओलाव्यासाठी वापरली. पुढे १९७६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाऱ्याची प्रत अशा प्रकारे सांगता येते, हे दाखवून दिले. आम्ल नको, उकळणे नको, काही क्षणांत उत्तर.

प्रयोगशाळेतले हे तंत्र गेल्या काही दशकांत शेतात उतरले आहे. युरोप-अमेरिकेत चारा कापणाऱ्या मोठ्या यंत्रांवर असे सेन्सर बसवलेले असतात. कुट्टी होऊन चारा नळीतून बाहेर पडतानाच त्यातला ओलावा, प्रथिने आणि तंतू यांचे आकडे चालकासमोर येतात. हातात धरता येतील अशी छोटी उपकरणेही निघाली आहेत. आणखी एक पायरी आकाशातली. निरोगी पान तांबडा प्रकाश हरितद्रव्यासाठी शोषून घेते आणि निकटचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंच्या फरकावरून पिकाचा जोम कळतो. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह दर पाच दिवसांनी एकाच शेतावरून जातात आणि त्यांची चित्रे जगात कोणालाही विनामूल्य मिळतात. मात्र पीक दाट झाले की हा निर्देशांक एका जागी थांबतो, पुढचा फरक दाखवत नाही. आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात, चारा सर्वांत वेगाने वाढतो तेव्हाच, मध्ये ढग उभे असतात.

या साऱ्यांत मला सर्वांत आवडलेले साधन म्हणजे एक काठी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९१ च्या सुमारास लसूणघासासाठी ती रीत बसवली. शेतात दोन चौरस फुटांचा तुकडा निवडायचा. त्यातला सर्वांत उंच दांडा मोजायचा आणि सर्वांत पुढे गेलेला दांडा कोणत्या अवस्थेत आहे ते पाहायचे: नुसती पाने आहेत, कळी आहे की फूल आले आहे? चार-पाच ठिकाणी असे करून सरासरी काढायची. एवढ्या दोन निरीक्षणांवरून तंतूंचे प्रमाण पुष्कळ जवळपास सांगता येते. त्या काठीत वीज नाही, काच नाही. असंख्य नमुने कापून, उकळून, तपासून काढलेले ज्ञान मात्र तिच्यावरच्या खुणांत साठवलेले आहे.

हे सारे मला कसे कळले? गेल्या हिवाळ्यात आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी माझ्या खोलीत आला. पशुखाद्याच्या क्षेत्रात तो काम करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, शुद्धलेखनाबद्दल माझी बोलणीही त्याने खाल्ली आहेत. “बाई, आठवीच्या मुलांना एक गंमत दाखवू का?” असे त्याने विचारले. त्याच्या पिशवीत हातात मावेल असे एक उपकरण होते आणि बाजारातून आणलेल्या लसूणघासाच्या चार पेंढ्या.

मुलांनी उपकरण पेंढीला टेकवले. आकडा आला. पुन्हा टेकवले, दुसरा आकडा आला. पाच वेळा टेकवले तेव्हा पाच आकडे आले. एक मुलगी लगेच म्हणाली, “बाई, यंत्र बिघडलंय.” तो हसला आणि त्याने तिला पेंढी सोडवायला सांगितली. एका जागी पानेच पाने होती, दुसऱ्या जागी दांडे होते. प्रकाश काही मिलिमीटरच आत जातो, त्यामुळे यंत्राला समोर येईल तेवढेच दिसते. मग त्याने एक जुडी पाण्यात बुडवून काढली. आकडे पार बदलले. अवरक्त प्रकाश पाण्यात फार शोषला जातो. प्रयोगशाळेत नमुना वाळलेला, दळलेला असतो. शेतात पहाटेचे दव असते, माती असते, वारा असतो.

“मग खरा आकडा कोणता?” एका मुलाने विचारले. त्यावर त्याने दिलेले उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे. तो म्हणाला, “यंत्राला प्रथिने दिसत नाहीत. त्याला फक्त परत आलेला प्रकाश दिसतो. आधी शेकडो नमुने आपण प्रयोगशाळेत तपासतो आणि असा प्रकाश आला तर एवढी प्रथिने, असे त्याला शिकवतो. आपण जे शिकवले नाही, ते त्याला येत नाही.” परदेशातल्या लसूणघासावर शिकलेले यंत्र आपल्या मातीतल्या वाणापुढे धरले, तर ते चुकू शकते आणि चुकतानाही आकडा मोठ्या आत्मविश्वासाने दाखवते. म्हणून आपल्या भागातले नमुने, आपले वाण, आपले ऋतू त्याला शिकवावे लागतात. इंग्रजीत या क्रियेला कॅलिब्रेशन म्हणतात, मराठीत अंशांकन. आमच्या आठवीने त्याला आपला शब्द दिला, ‘यंत्राची शाळा’.

मुले हसत होती. मी मात्र त्या वाक्यावर अडकले होते. आपण जे शिकवले नाही, ते त्याला येत नाही. मला माझे आजोळ आठवले.

माझे आजोळ खानदेशातले. मी नऊ-दहा वर्षांची असेन. त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली होती. आजोबांच्या गोठ्यात चंद्री नावाची गाय होती, नुकतीच व्यालेली. दावणीत वाळला कडबा. मला तिची दया आली. बांधापलीकडे पावसाअभावी खुरटलेली ज्वारी होती. तिच्या बुडातून कोवळे, हिरवेगार फुटवे आले होते. साऱ्या शिवारात तेवढेच हिरवे दिसत होते. मी ओटीभर खुडून आणले आणि तिच्यापुढे टाकले. तिने ते अधाशासारखे खाल्ले. थोड्याच वेळात तिला धाप लागली, तोंडाला फेस आला, पाय लटपटले. घरची माणसे धावली, कोणी गूळपाणी आणले, कोणी डॉक्टरांकडे सायकल पिटाळली. डॉक्टर येण्याआधीच ती गेली. वासरू दाव्याला हिसके देत होते.

गावात याला किराळ लागणे म्हणतात. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत आणि तिच्या फुटव्यांत, एक द्रव्य असते. पाने चावली गेली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीरातल्या पेशींना तो वापरता येत नाही. ज्वारी फुलोऱ्यावर आली की हा धोका पुष्कळ उतरतो. म्हणून जुनी माणसे तोवर तिला जनावरांच्या तोंडी लागू देत नाहीत. आजोबा मला एका शब्दानेही रागावले नाहीत. संध्याकाळी ओसरीवर बसून ते एवढेच म्हणाले, “पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं.”

गेल्या हिवाळ्यात, चाळीसहून अधिक वर्षांनी, त्या उपकरणाकडे पाहताना मला उमगले की माझ्या ओटीतल्या त्या फुटव्यांपुढे केवळ प्रथिने आणि तंतू शिकलेले यंत्र धरले असते, तर त्याने उत्तम आकडा दाखवला असता. कोवळे पीक, प्रथिने भरपूर, तंतू कमी. आकडा खोटा नसता. फक्त त्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्नच त्याला कोणी शिकवला नव्हता. आणि मलाही.

पालकहो, आता मी आपल्या दाराशी येते. तीन दशकांच्या नोकरीत मी हजारो प्रगतिपत्रकांवर सह्या केल्या. कमी गुण मिळालेल्या मुलांच्या पालकांना आम्ही बोलावतो, विचारपूस करतो. काही वर्षांपूर्वी एका वर्गात एक मुलगी होती. प्रत्येक चाचणीत पहिल्या तिघांत. तिच्याविषयी आम्ही निश्चिंत होतो. दहावीला तिने चांगले गुण मिळवले आणि नंतर ती कुठेच दिसली नाही. फार उशिरा कळले की वडिलांचे काम दीड वर्षापूर्वीच सुटले होते, ती पहाटे आईबरोबर चार घरचे स्वयंपाक करून शाळेत येत होती आणि दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले. आम्ही तिला विचारले नाही, कारण तिचे आकडे हिरवे होते. ही चूक माझी आहे आणि ती मी या व्यासपीठावरून सांगते, कारण ती पुन्हा व्हायला नको आहे.

यातून आकडे फेकून द्यावेत, असा अर्थ कृपया काढू नका. तपासणीच्या आकड्यानेच खेड्यातल्या बाईला दुधाचा दाम मिळवून दिला. चाऱ्याच्याही आकड्याची तिला तेवढीच गरज आहे, आणि ती उपकरणे स्वस्त होऊन दूधमंडळीच्या खिडकीपर्यंत लवकर पोहोचोत. तिच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्या पेंढीतूनच येतात. माझे म्हणणे इतकेच की आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न आपण लक्षात ठेवावा आणि उरलेले प्रश्न तोंडाने विचारावेत. यंदापासून आपल्या शाळेत नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी, त्याचे गुण कितीही असोत, वर्गशिक्षक वर्षातून एकदा जातील. शिक्षकांनी हे आपणहून स्वीकारले आहे.

आता एक मागणे माजी विद्यार्थ्यांकडे. महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या नगरीत आपण मराठी शाळा चालवतो. पूर्वी एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या असत, आता एक आहे. “मराठीतून शिकून विज्ञानाचे काय होणार?” हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत मला रोज ऐकावा लागतो. त्याचे उत्तर माझ्या भाषणाने मिळणार नाही. ते त्या दिवशी आठवीच्या वर्गात मिळाले. अवरक्त प्रकाश, कोठीपोट, अंशांकन हे सारे एका तासात मराठीतून समजले आणि मुलांनी त्यात स्वतःच्या एका शब्दाची भर घातली.

आपल्यापैकी कोणी रुग्णालयात आहे, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात. देणगी द्या, तिची गरज आहेच. पण त्याहून अधिक, वर्षातला एक दिवस द्या. आपले काम वर्गात घेऊन या आणि ते मराठीत सांगा. शब्द अडला तर मुले देतील. मैदानामागच्या रिकाम्या पट्ट्यात आम्ही या कार्तिकात लसूणघास पेरणार आहोत. मुले फूटपट्टीने दांडे मोजतील, फुले मोजतील आणि कापणीचा दिवस स्वतः ठरवतील. एका कोपऱ्यात ज्वारीही असेल. तिथे कोणत्या अवस्थेत काय धोका असतो, हे सांगणारी पाटी मुलांच्याच अक्षरात लागेल. ते काम मी स्वतःकडे घेतले आहे.

पुढच्या उत्तरायणाला चौकातून पेंढी घ्याल, तेव्हा ती एकदा सोडवून पाहा. पाने किती आहेत, दांडे किती आहेत. आणि शेजारी आपले मूल असेल, तर ते त्यालाही दाखवा.